यात्रेतील दुकानदारांसाठी भाड्याचे फिरते शौचालय : पाच दिवसांचा अनुभव

पौष महिन्यातील आमच्या नदीकाठच्या यात्रेत यंदा खाद्यपदार्थांच्या 28 दुकानदारांनी प्रत्येकी 500 रुपये वर्गणी काढली आणि 14,000 रुपयांत पाच दिवसांसाठी एक फिरते शौचालय भाड्याने घेतले. हे शौचालय पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे बसणाऱ्या आम्हा दुकानदारांसाठी होते. भाविकांसाठीची सोय वेगळी होती. आमचा महिला बचत गट गेली नऊ वर्षे या यात्रेत झुणका-भाकर, वांग्याचे भरीत आणि आलूबोंड्यांचे दुकान लावतो. वर्गणी गोळा करण्याचे आणि ठेकेदाराशी बोलण्याचे काम या वेळी माझ्याकडे होते, म्हणून ही सेवा घेताना काय पाहावे आणि कशाचा आग्रह सोडू नये, हे सविस्तर लिहीत आहे. ठेकेदाराचे नाव मी देत नाही. एका माणसाविरुद्ध तक्रार मांडणे हा हेतू नाही. कोणाकडूनही गाडी घेतली तरी पुढच्या दुकानदाराला हा अनुभव उपयोगी पडावा, एवढेच वाटते.

आधीची आठ वर्षे आम्ही कशी काढली ते सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. पहाटे चारच्या अंधारात आम्ही सहा जणी तुरीच्या शेताच्या धुऱ्याकडे जात असू आणि त्यानंतर रात्री गर्दी ओसरेपर्यंत पुन्हा जाण्याचा प्रश्नच नसे. भाविकांसाठी देवळाच्या बाजूला शौचालये उभारली जात, परंतु तिथली रांग अर्ध्या तासाची आणि दुकान सोडून जाता येईल असा वेळ पाच मिनिटांचा. त्यामुळे यात्रेचे पाच दिवस आम्ही पाणीच पीत नसू. चुलीच्या धगीपुढे बसून दिवसभरात एक-दोन पेले पाणी, आणि तेही घोट-घोट. तीन वर्षांपूर्वी यात्रेहून परतल्यावर मला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप चढला आणि पंधरा दिवस औषधे घ्यावी लागली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पाणी किती पिता आणि लघवी किती वेळ रोखून धरता. आमच्या गटातील दुसऱ्या दोघींचीही हीच कथा होती. फक्त त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती.

दुसरी बाजू खाणाऱ्यांची आहे, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. भाकर हातावर होते. पीठ मळायचे ते तळहाताने, थापायची ती बोटांनी, तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवायचे तेही त्याच हाताने. हातमोजे घालून ज्वारीची भाकर थापता येत नाही. टायफॉइड, कावीळ, हगवण हे रोग विष्ठेतून तोंडात जातात आणि त्या वाटेवर शेवटचा टप्पा बहुतेक वेळा स्वयंपाक करणाऱ्याचा हातच असतो. तव्यावर भाजताना पुष्कळसे जंतू मरतात हे खरे, परंतु भाजल्यानंतर हातात घेऊन दिलेली भाकर, वरून टाकलेला चिरलेला सांबार म्हणजे कोथिंबीर, कांदा, ठेचा यांना पुन्हा आच लागत नाही. एका दिवसात आमच्या दुकानातून सहाशे-सातशे भाकरी जातात. हात अस्वच्छ असेल, तर तो तितक्या ताटांत पोहोचतो.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 चा आहे आणि त्याखालील परवाने व नोंदणीचे विनियम 2011 चे. त्या विनियमांनी फेरीवाले आणि तात्पुरते दुकान लावणारे यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले. आमच्या गटाचे नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी लावलेले असते. विनियमांच्या अनुसूची 4 मध्ये आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांनी पाळायचे स्वच्छतेचे नियम दिले आहेत. पिण्यायोग्य पाणीच वापरावे, विक्रीच्या हातगाडीचा काम करण्याचा पृष्ठभाग जमिनीपासून किमान 60 ते 70 सेंटिमीटर उंच असावा, झाकणाची कचरापेटी असावी, जखम झाकलेली असावी, नखे कापलेली असावीत. आणि त्यातच स्पष्ट अट आहे, की काम सुरू करण्यापूर्वी आणि प्रत्येक वेळी शौचालयाचा वापर केल्यानंतर हात साबण-पाण्याने धुवावेत. ही अट मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "बाई, हात धुवायचं सांगतात ते बरोबर आहे, पण जायचं कुठं ते तर सांगा." त्या प्रश्नातूनच ही वर्गणी निघाली.

शहरांतील पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, विक्रीची क्षेत्रे ठरवण्याची पद्धत आहे. तो कायदा महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायती अशा नागरी संस्थांच्या हद्दीपुरता आहे. गावच्या यात्रेत दुकान लावणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. ग्रामपंचायत जागेचे भाडे घेते, दिवाबत्ती आणि पाण्याची सोय करते, आणि इतक्या गर्दीत तिचे मनुष्यबळ तिथेच संपते. म्हणून आपली सोय आपण करण्याला पर्याय नव्हता.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. आलेली गाडी ट्रॅक्टरमागे जोडायची होती. तिच्यावर पत्र्याच्या सहा खोल्या, तीन एका बाजूने आणि तीन दुसऱ्या बाजूने. म्हणजे स्त्रिया व पुरुष यांची तोंडे वेगवेगळ्या दिशेला, आणि ही मांडणी मला फार योग्य वाटली. वर 1,000 लिटरची पाण्याची टाकी, खाली 3,000 लिटरची मैल्याची टाकी, दोन्ही टोकांना एकेक हात धुण्याचे भांडे. गाडीसोबत एक सफाई करणारे भाऊ पाचही दिवस राहणार, असे ठरले होते आणि ते राहिले. भांडी भारतीय बैठकीची होती, खोल्यांना वरून झरोके होते, पहिल्या दिवशी सर्व काही धुतलेले आणि फिनाइलचा वास येणारे होते. पहिल्या दिवशी दुपारी आमच्या गटातील सर्वांत वयस्क आत्याबाई जाऊन आल्या, त्यांनी माठातले पाणी घेतले आणि एका दमात तांब्याभर प्यायल्या. यात्रेत त्यांना भरदुपारी असे पाणी पिताना मी नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिले. या एका गोष्टीसाठी मी ठेकेदाराला पुन्हा 14,000 रुपये देईन.

त्रुटी मात्र होत्या, आणि त्यांतील पहिली अंतराची. गाडी नदीच्या वाळूत उतरवता येत नाही, चाके रुततात, म्हणून ठेकेदाराने ती रस्त्याला लागून, दुकानांच्या ओळीच्या एका टोकाला उभी केली. आमचे दुकान दुसऱ्या टोकाकडे. मंडपवाल्याकडून टेप घेऊन मोजले तर अंतर 410 फूट भरले. माझा भाचा अन्नतंत्रज्ञानाचे शिक्षण घेतो. त्याने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अन्नविक्री संहितेतील तरतूद मला समजावून सांगितली होती. तिथे फिरती अन्नगाडी एका जागी एक तासाहून अधिक वेळ थांबणार असेल, तर तिथल्या माणसांसाठी 200 फुटांच्या आत शौचालय व हात धुण्याची सोय असावी लागते. जत्रेसारख्या ठिकाणच्या तात्पुरत्या दुकानांसाठी दर 15 कामगारांमागे एक शौचालय, तेही 200 फुटांच्या आत, असे तिथले प्रमाण आहे. तो कायदा आपल्याला लागू नाही, परंतु मोजपट्टी म्हणून ती आकडेवारी मला अत्यंत उपयोगी वाटते, कारण तिच्यामागचा विचार चुलीपुढच्या माणसाला ओळखणारा आहे. शौचालय लांब असले की माणूस आज नको, नंतर जाऊ असे म्हणतो, किंवा जवळचा आडोसा शोधतो. आणि आडोशाला साबण नसतो. आमच्या ओळीच्या शेवटच्या आठ-दहा दुकानांतील पुरुषमंडळी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नदीच्या दरडीमागे जाऊ लागली होती. गाडी ओळीच्या मधोमध, दुकानांच्या मागच्या बैलगाडीच्या वाटेवर उभी करता आली असती. ती जागा आदल्या दिवशी ठेकेदाराला नेऊन दाखवायला हवी होती, आणि ते काम माझ्याकडून राहिले.

संख्येचा हिशेबही आम्ही नीट केला नव्हता. 28 दुकानांत मिळून साधारण 110 माणसे राबत होती. दर पंधरा जणांमागे एक या प्रमाणाने आठ खोल्या लागल्या असत्या. आमच्याकडे सहा होत्या. त्यातही काम करणाऱ्यांत बायका जास्त आणि खोल्या मात्र निम्म्या-निम्म्या. बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या दाराची कडी पहिल्याच संध्याकाळी निखळली, ती दुरुस्त व्हायला दीड दिवस लागला, आणि तोवर आम्ही दोघी-दोघी जात असू, एक आत आणि एक दार धरून बाहेर. कडीची किंमत पन्नास-साठ रुपये. ठेकेदाराने गाडीसोबत पेचकस, चार कड्या आणि नळाची दोन जोड एवढे सामान ठेवले असते, तर हा त्रास झालाच नसता.

पाण्याविषयी मी जाणूनबुजून अधिक सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच झाली. एका दुकानदार भाऊंनी तशी सूचना मला केली आणि हिशेबही त्यांनीच मांडून दिला. 110 माणसे, प्रत्येकाच्या दिवसातून तीन फेऱ्या, आणि एका फेरीला हात धुण्यासह अगदी काटकसरीने तीन लिटर पाणी धरले तरी 990 लिटर होतात. म्हणजे 1,000 लिटरची टाकी एका दिवसाला जेमतेम पुरते, आणि प्रत्यक्षात माणूस तीन लिटरवर भागवत नाही. दुसऱ्या दिवशी, यात्रेच्या मुख्य दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास सफाईचे भाऊ धावत आमच्या दुकानाशी आले. "ताई, टाकीतलं पाणी सरलं जी. मालकाला फोन लावून राहिलो, पण उचलूनच नाही राहिले." ऐन गर्दीत टँकर गावात शिरू शकला नाही आणि तो संध्याकाळी सात वाजता पोहोचला. चार तास शौचालय होते आणि पाणी नव्हते. आमच्या कामासाठी अशी अवस्था शौचालय नसण्यापेक्षाही वाईट असते, कारण माणसे आत जातात आणि हात न धुता परत चुलीवर येतात.

आम्ही वाचलो ते दुकानातील आमच्या स्वतःच्या सोयीमुळे. गटाने 20 लिटरचा एक नळ असलेला ड्रम दुकानाच्या मागच्या बाजूला स्टुलावर ठेवला होता, त्याखाली सांडपाण्याची बादली, आणि संत्र्याच्या जाळीत साबणाची वडी घालून ती जाळी सुतळीने बांबूला बांधली होती. जाळीमुळे साबण वाळूत पडत नाही, भिजून पाझरत नाही, कोणी उचलून नेत नाही, आणि जाळीवर हात घासला की बोटांच्या बेचक्यांतले पीठही निघते. वीस सेकंद घासायचे, म्हणजे एक ते वीस सावकाश मोजायचे, हे आम्ही ठरवून घेतले आहे. शौचालयाशी हात धुतले असले तरी भाकरीला बसण्याआधी इथे दुसऱ्यांदा धुवायचे, असाही नियम आहे. तो नियम त्या चार तासांत उपयोगी पडला. पुष्कळ दुकानदारांनी सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्या होत्या, परंतु तेल, पीठ आणि मळ असलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही आणि उलटी-जुलाबाच्या काही विषाणूंवर त्याचा परिणाम कमी होतो. वाहते पाणी आणि साबण यांना तो पर्याय नाही.

गाडीवरच्या हात धुण्याच्या भांड्यांत मला तीन दोष दिसले. नळ फिरवून उघडायचा होता, म्हणजे मळक्या हाताने उघडायचा आणि धुतलेल्या हाताने तोच बंद करायचा. कोपराने ढकलायचा किंवा पायाने दाबायचा नळ असता, तर हे टळले असते. साबणाची वडी पहिल्या दिवशी संध्याकाळीच दिसेनाशी झाली. मग आम्ही तिथेही जाळी बांधून दिली. तिसरा दोष मोठा होता. भांड्यातील सांडपाणी मैल्याच्या टाकीत न जाता एका नळीने सरळ जमिनीवर सोडलेले होते, त्यामुळे दोन दिवसांत तिथे चिखल झाला आणि माश्या बसू लागल्या. नदीच्या पात्रात त्या बाजूला लोक झिरे खणून पाणी भरतात. झिऱ्याचे पाणी वाळूतून झिरपून येते, आणि वर जे सांडते तेही त्याच वाळूतून खाली जाते. आम्ही शोषखड्डा खणून नळी त्यात सोडली, परंतु झिऱ्यांच्या वरच्या अंगाला शौचालयाची गाडी कधीही उभी करू नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगेन. दुकानाचे पाणी आम्ही झिऱ्यातून घेत नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीतून आणतो, तिथे पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते, आणि आरोग्यसेवक ओटी चाचणी करून पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही ते पाहतात. ती चाचणी दुकानाच्या ड्रममधील पाण्यावरही करून द्यावी, अशी विनंती केली तर ते करून देतात.

बायकांच्या गरजांचा विचार गाडी बांधणाऱ्याने केलेला नव्हता. पायऱ्या उंच आणि अरुंद होत्या, आधाराला दांडी नव्हती. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या चढणे जिकिरीचे होते. आत कपडा अडकवायला खुंटी नव्हती. पाळीतील पॅड टाकायला झाकणाची पेटी नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणीतरी पॅड भांड्यात टाकले आणि एक खोली तुंबली. आम्ही तेलाच्या पिंपाचे झाकण कापून पेटी तयार केली आणि ती रोज गाडीजवळ खड्ड्यात रिकामी केली. रात्री खोल्यांत दिवे होते, पण 410 फुटांच्या वाटेवर अंधार होता. नवव्या दुकानाच्या मालकांनी आपल्या जनरेटरवरून दोन दिवे ओढून दिले, तेव्हा कुठे तरुण मुली एकट्या जाऊ लागल्या.

सफाई करणाऱ्या भाऊंबद्दल मात्र मला मनापासून चांगले लिहायचे आहे. दिवसातून सहा वेळा त्यांनी खोल्या धुतल्या, आणि मुख्य दिवशी पाणी नसताना दुकानांतून बादल्या मागून आणल्या. ठेकेदाराने त्यांना गमबूट दिले होते, हातमोजे दिले नव्हते. आम्ही बाजारातून रबरी हातमोज्यांचे दोन जोड आणून दिले, परंतु ते देणे ही मालकाची जबाबदारी आहे. मैला हाताने साफ करण्यास मनाई करणारा 2013 चा कायदा संरक्षक साधनांवाचून टाकी साफ करू देत नाही. गाडी ठरवताना सफाई करणाऱ्याला कोणती साधने देणार, हा प्रश्न विचारणे वर्गणी देणाऱ्यांचेही काम आहे. दुकानदारांनी त्या भाऊंना पाचही दिवस दोन्ही वेळचे जेवण दिले आणि त्यांना इतरांसोबत पंगतीत बसवले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत ज्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला, त्यांचा जन्म आमच्याच अमरावती जिल्ह्यातला. आमच्या भागात झाडणाऱ्याला वेगळे बसवणे शोभणार नाही.

मैल्याची टाकी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भरत आली आणि उपसणारी गाडी चौथ्या दिवशी सकाळी आली. ती रात्र काळजीत गेली, कारण टाकी सांडली असती तर यात्रेच्या शेवटच्या दोन दिवसांचे सगळेच बिघडले असते. म्हणून उपसा तिसऱ्या दिवशी सकाळीच ठरवून घ्यावा. उपसलेला मैला कुठे जातो, हेही मी विचारले होते. ठेकेदाराने तालुक्याच्या गावातील प्रक्रिया केंद्राची पावती दाखवली, तेव्हाच उरलेली निम्मी रक्कम दिली. नाल्यात किंवा कोणाच्या पडीक शेतात मैला ओतला, तर आपण स्वच्छता विकत घेतली असे म्हणता येत नाही. बहिरमसारखी यात्रा 20 डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक चालते आणि तिथे हंडीतले मटण व रोडगे खायला लांबून लोक येतात. तशा ठिकाणी दुकान लावणाऱ्यांनी उपशाचे वेळापत्रक लेखी घेतल्याशिवाय गाडी ठरवूच नये.

दुकानामागे दिवसाला 100 रुपये पडले. आमच्या दुकानाच्या हिशेबाने ते तीन-चार ताटांचे पैसे आहेत, आणि त्या पैशांत सहा बायकांनी पाच दिवस पोटभर पाणी प्यायले. सेवा घेण्यासारखी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ज्या रूपात आम्हाला मिळाली त्या रूपात ती पुन्हा घेणार नाही. पुढच्या पौषासाठी त्याच ठेकेदाराशी बोलणे झाले आहे. चार खोल्यांच्या दोन गाड्या, एक सातव्या आणि एक एकविसाव्या दुकानामागे, झिऱ्यांपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. टाकी सकाळी व दुपारी अशी दोनदा भरलेली. कोपराने उघडणारे नळ, पायऱ्यांना दांडी, प्रत्येक बायकांच्या खोलीत झाकणाची पेटी. भाडे 19,600 सांगितले आहे, म्हणजे दुकानामागे 700 रुपये, आणि 28 पैकी 26 दुकानदारांनी होकार कळवला आहे. विसार म्हणून 2,000 रुपये द्यायचे आहेत. ते नळ बसवलेली गाडी डोळ्यांनी पाहिल्यावर देऊ, असे मी त्यांना सांगितले आहे.